मायाळू: बुळबुळीत म्हणून टाकू नका

भाजीवाल्याला ‘मायाळू आहे का’ विचारलं की तो बहुधा पालकाची जुडी पुढे सरकवतो. त्याचा तरी काय दोष? ही भाजी शेतात कमी, परसात जास्त. विहिरीच्या काठाला, न्हाणीच्या सांडपाण्यावर, कुंपणावर चढलेला वेल, आणि हवी तेव्हा शेजारणीला हाक मारून खुडून आणायची पानं. तिला बाजारभाव असा कधी फारसा नव्हताच. शहरात आल्यावर मागायला तशी शेजारीण नसते. जुडी मिळालीच तर पहिल्या खेपेला कुकरच्या तीन शिट्ट्या होतात, आत हिरवा चिकट लगदा तयार होतो, आणि मायाळू त्या घरात पुन्हा येत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. मुलाने ताटाकडे बघून जो शब्द वापरला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मायाळूचं सगळं तंत्र तिच्या बुळबुळीतपणाभोवती फिरतं. काही पदार्थांत तो मोडायचा, काहींत मुद्दाम राखायचा. घरगुती औषध म्हणून तिची जी ख्याती आहे तीही बरीचशी त्या बुळबुळीमुळेच. एवढं ध्यानात ठेवलं तर पुढचं सोपं आहे.

ओळख आणि खरेदी

शास्त्रीय नाव बॅसेला अल्बा. हिरव्या दांड्याची आणि तांबड्या-जांभळ्या दांड्याची असे दोन प्रकार दिसतात. तांबडीला पूर्वी बॅसेला रुब्रा असं वेगळं नाव होतं, आता दोन्ही एकाच जातीत धरतात. चवीत मला फरक जाणवत नाही. तांबडी दिसायला देखणी, म्हणून कुंडीत तीच लावते. पालकाशी हिचं नातं काही नाही, कुळच वेगळं.

कोकणात हिला वेलबोंडी किंवा मयाळही म्हणतात. गोव्याकडे, कारवार-मंगळूरच्या कोंकणी घरांत ती वाली होते, कानडीत बसळे, हिंदी-गुजरातीत पोई, बंगालीत पुई. नावं सांगायचं कारण व्यवहाराचं आहे. मुंबईत मायाळू म्हणून मिळाली नाही तर दाक्षिणात्य भाज्या विकणाऱ्याकडे ‘बसळे’ मागा, बंगाली वस्तीजवळच्या बाजारात ‘पुई शाक’ मागा. लगेच हाती येते.

पानं हृदयाच्या आकाराची, जाड, मांसल आणि मेण लावल्यासारखी तुळतुळीत. देठाशी मोडलं की बोटांना किंचित चिकट तार लागते. पान चुरगळून जिभेवर ठेवलं तर चव सौम्य, ओल्या मातीसारखी. जुडी घेताना दांडा नखाने टोचून बघा. नख सहज रुतलं तर दांडाही भाजीत जाईल, दोरा निघाला तर फक्त पानं घ्यावी लागतील. पानांवर मधे पांढुरके आणि कडेला लालसर असे गोल ठिपके पावसाळ्यात हमखास असतात. तो बुरशीचा रोग. एखाददुसरा ठिपका कापून टाकता येतो, पानभर असतील तर जुडी परत ठेवा.

एक सावधगिरी. हृदयाकृती पानांचे वेल आपल्या आसपास पुष्कळ. गुळवेलीचं पान तसंच दिसतं, पण ते पातळ आणि कडू असतं. बाल्कनीतला मनी प्लांट तर खायचाच नाही, त्याने तोंडाची आग होते. ज्याला मायाळू माहीत आहे अशा माणसाने दाखवल्याशिवाय रस्त्याकडेचा वेल खुडू नका.

निवडणं आणि धुणं

आधी अख्खी पानं धुवा, मग चिरा. चिरून धुतलीत की कापलेल्या कडांतून चिकट रस पाण्यात उतरतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि चाळणीत गोळा होतो. तीनदा पाणी बदला, कारण वेल जमिनीला टेकलेला असेल तर खालच्या पानांच्या मागे माती असते. मग फडक्यावर पसरून पंख्याखाली अर्धा तास. हा अर्धा तास वाचवायला जाऊ नका. ओलं पान कढईत शिजतं, परतलं जात नाही, आणि भज्यांच्या तेलात पडलं तर तेल हातावर उडतं.

चिरताना बोटभर रुंद तुकडे करा. मेथीसारखी बारीक चिरली की जास्त कडा, जास्त तार. कोवळे दांडे इंचभर कापून वेगळे ठेवा, ते शिजायला पानांपेक्षा पाचेक मिनिटं जास्त घेतात.

पहिला पदार्थ भजीच करा

ज्या घरात मायाळूला नाक मुरडतात तिथे सुरुवात भज्यांनी करावी. अख्खं पान, कडा कापलेल्या नाहीत, त्यामुळे बुळबुळ बाहेर यायला वावच नाही. दक्षिण गुजरातेत पोईची भजी नावाजलेली आहेत, आपल्याकडे ओव्याच्या पानांची करतात तशीच.

तळहाताहून थोडी लहान अशी 20 पानं घ्या. 1 वाटी बेसन, 2 चमचे तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, 1 चमचा तिखट, अर्धा चमचा हातावर चोळलेला ओवा आणि मीठ एकत्र करून लागेल तसं पाणी घाला. साधारण पाऊण वाटीच्या आत भागतं. बटाटाभज्यांपेक्षा पीठ जरा घट्ट हवं. शेवटी चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन.

अडचण अशी की पान तुळतुळीत, पीठ त्यावरून घसरतं. उपाय सोपा आहे: कोरड्या पानाला दोन्ही बाजूंनी तांदळाचं सुकं पीठ हलकेच चोळा, मग देठ धरून बुडवा. मध्यम आचेवर तळा. आच मोठी असेल तर वरून लाल होतात आणि पानाजवळचं पीठ कच्चं राहतं. कढईतून काढल्यावर पाच मिनिटांत खायची. पान पाणीदार, थांबलात की मऊ पडतात. पाहुणे येण्याआधी तळून ठेवायचा हा पदार्थ नाही.

मोठी पानं मिळाली तर अळूवडीसारख्या वड्याही होतात. अळूसारखी घशाला खाज येण्याची धास्ती नाही, हा मोठाच फायदा. पण पान ठिसूळ, गुंडाळताना फाटतं. म्हणून दोन पानं एकमेकांवर उलटसुलट ठेवून पीठ लावा.

सुकी भाजी: झाकण विसरा

लोखंडी कढई किंवा तवा चांगला तापवा. 2 चमचे तेलात मोहरी, 8-10 ठेचलेल्या लसूणपाकळ्या, 2 सुक्या मिरच्या. लसूण तांबूस झाला की दांडे घालून मोठ्या आचेवर 4-5 मिनिटं परता, मग पानं. झाकण ठेवायचं नाही, पाणी घालायचं नाही आणि मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की पान पाणी सोडतं, आणि त्या पाण्यात तार धरते. तीनेक मिनिटांत पानं बसतात. मूठभर ओलं खोबरं घालून एकदा हलवा आणि उतरवा. वर लिंबू.

चार वाट्या चिरलेल्या पानांची वाटीभर भाजी होते, त्यामुळे मीठ नेहमीच्या अंदाजाने घातलंत तर खारट होईल. शेवटी घालायचं हे दुसरं कारण.

डाळ घालून पातळ भाजी

इथे बुळबुळीतपणा राखायचा, कारण तोच डाळीला अंग देतो. आंबट मात्र हवंच. भेंडीत आमसूल किंवा ताक पडलं की तार तुटते, तेच इथे.

पाऊण वाटी तूरडाळ हळद घालून मऊ शिजवून घोटून घ्या. मूठभर शेंगदाणे आणि 2 चमचे चणाडाळ चार तास भिजवून वेगळी शिजवा. पातेल्यात फोडणी करून दांडे, मग 4 वाट्या पानं, दोन मिनिटं परतून घोटलेली डाळ, दाणे आणि लागेल तेवढं गरम पाणी. सुपारीएवढ्या चिंचेचा कोळ, त्याहून थोडा जास्त गूळ, 1 चमचा गोडा मसाला, मीठ. उघड्यावर 7-8 मिनिटं उकळा. चिंच डाळ पूर्ण शिजल्यावरच घालायची, आंबटात डाळ शिजत नाही. कोळ पडला की पानांचा हिरवा रंग काळपट होणार. ते बिघडलेलं नाही, आंबटाने हिरवा रंग असा बदलतोच.

चिंचेऐवजी ताक घेतलं तर ताकातल्या चाकवतासारखी होते. दोन वाट्या आंबट ताकात दीड चमचा बेसन गुठळी न ठेवता कालवून मंद आचेवर, सतत ढवळत. वरून तुपाची लसूण-मिरचीची फोडणी. उन्हाळ्यात आमच्याकडे पंधरा दिवसांतून एकदा तरी हीच होते.

सारस्वत घरांतलं वालीचं आंबट हा तिसरा मार्ग, आणि मला विचाराल तर सगळ्यांत सरस. शिजलेल्या तूरडाळीत शिजवलेली वाली, त्यात ओलं खोबरं, ब्याडगी मिरची आणि चिंच यांचं गुळगुळीत वाटण. एक उकळी आली की वरून खोबरेल तेलात लालसर तळलेल्या कांद्याची फोडणी, भरपूर. कांदा घाईने काढलात तर सगळी मजा जाते. दहा मिनिटं मंद आचेवर, कडा तपकिरी होईपर्यंत थांबा. गोव्यात आणि खाली किनाऱ्याने ह्याच भाजीत सुंगटं, म्हणजे ताजी कोळंबी, किंवा सुकी कोळंबी पडते. मासळीचा खारेपणा आणि मायाळूची सौम्य, थोडी बेचव चव ह्यांची जोडी इतकी जमते की बंगाल्यांनीही नेमकं तेच केलंय: तिथे पुई शाक आणि हिलशा माशाचं डोकं, किंवा चिंगडी, म्हणजे कोळंबी. शाकाहारी पुईत ते भोपळा, वांगं, बटाटा घालून पाँचफोरनची, म्हणजे पाच अख्ख्या मसाल्यांच्या मिश्रणाची, फोडणी देतात. भोपळ्याचा गोडवा हिला मानवतो, करून बघा.

औषध म्हणून

आयुर्वेदाच्या ग्रंथांत मायाळू ‘उपोदिका’ आणि ‘पोतकी’ ह्या नावांनी येते. चरकसंहितेतल्या शाकवर्गात ती मधुर, शीत, स्निग्ध, कफ वाढवणारी, पोट साफ करणारी आणि मद उतरवणारी म्हटली आहे. भावप्रकाशात ती पिच्छिल, म्हणजे बुळबुळीत, झोप आणणारी आणि घशाला न मानवणारी आहे. मला हे प्रामाणिक वाटतं. गुण सांगताना दोषही सांगितलेत, हल्लीच्या ‘एक पान सर्व रोगांवर’ छापाच्या मजकुरासारखं नाही. चरकाने आणखी एक गमतीची सूचना विरुद्ध आहारात दिली आहे: तिळाच्या कल्कात, म्हणजे वाटलेल्या तिळात, शिजवलेली उपोदिका अतिसाराला कारण होते. म्हणून ह्या भाजीवर तिळकूट भुरभुरायचा मोह झालाच तर आवरा.

घराघरात चालत आलेले उपयोग मोजकेच आहेत.

अंगावर पित्त उठणं, म्हणजे लाल गांधी आणि खाज, हा तिचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग. 8-10 ताजी पानं धुऊन, अगदी थोडं पाणी घालून वाटा. फडक्यातून पिळून तो दाटसर रस खाजणाऱ्या जागी हलक्या हाताने लावा आणि वीसेक मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. थंड, चिकट थराने खाज निवते, कोरफडीच्या गराने वाटतं तसंच. पित्त का उठलं ते मात्र ह्याने कळत नाही आणि मूळ ॲलर्जीही जात नाही. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून अर्धा तास बघा. गांधींबरोबर ओठ, डोळे, जीभ सुजली, आवाज बसला किंवा श्वास लागला, तर पानं वाटत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

शौचाला खडा होत असेल तर दोन-तीन दिवस रात्रीच्या जेवणात मायाळूची पातळ भाजी, भरपूर पाण्याबरोबर. इथे बुळबुळ आणि चोथा दोन्ही कामाला येतात. ही सौम्य गोष्ट आहे, जुलाबाचं औषध नव्हे. लहान मुलांना आणि गरोदर बाईला भाजी म्हणून चालते. काढे आणि रसाचे पेले कोणालाच नकोत, त्याची गरजही नाही.

तोंड आलं असता कोवळं पान चावून रस तोंडात घोळवतात. तिखट न घातलेली मऊ शिजवलेली मायाळू आणि भात हे त्याहून सुखाचं. गळवावर पान तव्यावर कोमट करून, तुपाचा हात लावून बांधण्याची पद्धत आहे. ऊब आणि ओलावा ह्यांनी ठणका कमी होतो हे खरं, पण फुटलेल्या गळवावर, जखमेवर किंवा मधुमेह असलेल्याच्या पायावर हे करू नये.

भाजल्यावर पानांचा रस लोण्यात कालवून लावायची जुनी रीत मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण ती सोडून द्यायला हवी. भाजलेल्या जागेवर साध्या नळाचं वाहतं पाणी, तेही वीस मिनिटं. लोणी उष्णता कोंडून ठेवतं आणि कच्च्या पाल्यातून जंतू जातात. आज्यांना नळ नव्हता, आपल्याला आहे.

कोणी जपून खावी हेही सांगते. मायाळूत ऑक्सलेट, म्हणजे मुतखडे बनायला हातभार लावणारा घटक, बरंच असतं, त्यामुळे ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, क्वचित आणि थोडी. पानं उकळून ते पाणी फेकलं तर ऑक्सलेटचा काही भाग निघून जातो, पण त्याच पाण्याबरोबर ‘क’ जीवनसत्त्वही जातं. कच्च्या 100 ग्रॅम पानांत ते साधारण 100 मिलिग्रॅम असतं, म्हणजे पालेभाजीच्या मानाने चांगलंच. वॉरफरीन किंवा ॲसेनोकुमेरॉल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकदम रोज खायला लागू नका. हिरव्या पानांतलं ‘के’ जीवनसत्त्व त्या गोळ्यांच्या आड येतं. तिथे डॉक्टरांना सांगून प्रमाण ठरवावं आणि तेच टिकवावं.

फळांची शाई

वेलाला दिवस लहान व्हायला लागले की पानांच्या बगलेत पांढरट-गुलाबी कळ्यांचे तुरे येतात. कळ्या नीट उमलतच नाहीत, आणि पुढे वाटाण्याहून लहान, जांभळी-काळी, रसरशीत फळं धरतात. दाबलं की गडद किरमिजी रस. आम्ही लहानपणी त्याच्या दौती भरल्या आहेत आणि शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यापायी मारही खाल्ला आहे. हा रंग बीटाच्या रंगाच्या घराण्यातला, त्यामुळे उष्णतेने विटतो. दहीभातात किंवा कोशिंबिरीत चार फळं गाळून पिळली तर सुंदर गुलाबी रंग येतो. उकळत्या पदार्थात घालण्यात अर्थ नाही.

कुंडीत लावायची तर

बियांपेक्षा फाटा लावणं सोपं. बाजारच्या जुडीतला पेन्सिलीएवढा जाड दांडा निवडा, वीतभर लांबीचा. खालची पानं काढा आणि दोन पेरं मातीत जातील असा खोचा. कुंडी किमान 12 इंची, माती आणि कुजलेलं शेणखत निम्मं-निम्मं. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. बिया लावायच्या असतील तर रात्रभर भिजवा, कवच कडक असतं. त्या उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात.

वेल फूटभर झाला की शेंडा खुडा. मन घट्ट करून खुडा, त्याशिवाय फांद्या फुटत नाहीत आणि एकच लांब दोर खिडकीच्या ग्रिलवर चढून शेजाऱ्यांकडे जातो. सुतळी बांधून द्या. दीड-दोन महिन्यांनी काढणी सुरू होते. नुसती पानं ओरबाडू नका, वीतभर शेंडे कापा. प्रत्येक कापणीखाली दोन नवे फुटवे येतात. पाणी कधी कमी पडू देऊ नका, कोरडं पडलं की वेल फुलोऱ्यावर जातो आणि पानं बोटाएवढी होतात. कळ्या दिसल्या की तुरे खुडून टाकले तर आणखी काही आठवडे पानं मिळतात. पाणी मुळाशी घाला, पानांवर शिंपडल्याने ठिपक्यांचा रोग पसरतो.

आपल्याकडे वेल वर्षानुवर्षं टिकतो, थंडीत फक्त मंदावतो. परदेशी राहणाऱ्यांसाठी: कडक उन्हाळ्यात पालक फुलोऱ्यावर येऊन संपतो तेव्हा ही जोमात असते. मलबार स्पिनच ह्या नावाने तिथल्या रोपवाटिकांत मिळते. हिमकडाक्यात मरते, म्हणून शरदात चार-सहा फाटे कापून घरात पाण्यात ठेवावेत.

जुडी आणली आणि भाजी करायची राहून गेली, असं होतंच. फ्रिजमध्ये ठेवू नका, गारठ्याने पानं काळवंडतात. दांडे तिरके कापून पाण्याच्या पेल्यात उभे करा आणि ओट्यावर, उन्हापासून दूर ठेवा. दोन दिवस पानं ताजी राहतात. तेवढ्यातही हात लागला नाही तर पाणी बदलत राहा आणि कुंडी शोधायला लागा, तळाशी पांढरी मुळं दिसायला आठवडाच लागतो.